परदेशात इंग्रजी शिकवायला जायचंय? कोर्सचे पैसे भरायच्या आधी हे वाचा

मार्च २०२५ मध्ये आपल्या हवाई दलाची विमानं थायलंडच्या माए सोतला गेली आणि पाचशेहून जास्त भारतीयांना परत घेऊन आली, ते तुम्ही बातम्यांत बघितलं असेल. चांगली नोकरी आहे म्हणून थायलंडला बोलावलेली ही मुलं, तिथून नदीपलीकडे म्यानमारच्या म्यावाडी भागात नेऊन सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर बसवलेली. त्यात महाराष्ट्रातलीही होती. तेव्हापासून मला एकच प्रश्न वेगवेगळ्या लोकांकडून येतोय, आणि तो बहुतेक वेळा आईवडील विचारतात. "ताई, मुलीला थायलंडला इंग्रजी शिकवायची ऑफर आलीय, खरी असेल का हो?"

मी मूळची कराडची, थायलंडमध्ये खॉन केनजवळच्या एका छोट्या गावात सरकारी शाळेत चार वर्षं इंग्रजी शिकवलंय, म्हणून लोक मला विचारतात. उत्तर एका वाक्यात देता येत नाही कारण हे काम खरंच असतं, हजारो लोक ते करतात, आणि त्याच नावाखाली फसवणूकही होते. आणि या दोन्हीच्या मध्ये एक तिसरा प्रकार आहे ज्यात कोणी कोणाला पळवून नेत नाही, फक्त तुमचे पैसे चुकीच्या क्रमाने खर्च होतात. माझे तसेच झाले. म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते.

हे काम नेमकं काय असतं

तुम्हाला सगळीकडे टेफल हा शब्द दिसेल. त्याचा अर्थ एवढाच की ज्यांच्या घरात, बाजारात, ऑफिसात इंग्रजी नाही अशा लोकांना ती परकी भाषा म्हणून शिकवणं. आपल्या शाळेत बाई धडा वाचायच्या आणि मराठीत अर्थ सांगायच्या. इथे ते करता येत नाही, कारण समोरच्या मुलांची भाषा तुम्हाला येत नाही आणि बऱ्याच ठिकाणी ती वापरू नका असंच सांगतात. चित्रं, हातवारे, खेळ, सोपी वाक्यं, पुन्हा पुन्हा तेच पण वेगळ्या पद्धतीने, असं सगळं इंग्रजीतूनच चालतं.

हे का अवघड आहे ते कळायला घरातलंच उदाहरण घ्या. समजा घरात बंगाली वहिनी आलीय आणि तिला मराठी शिकायचंय. ती विचारते, तो पंखा, ती खुर्ची आणि ते टेबल असं का? आपण काय सांगणार, "अगं असंच असतं." आपल्याला मराठी उत्तम येते, पण ती कशी चालते हे आपण कधी बघितलेलंच नसतं. तेच शेजारच्या गुजराती काकूंनी वीस वर्षांपूर्वी मराठी शिकलेली असते, त्या वहिनीला पटकन सांगतात की शेवटी ई आली की बहुतेक वेळा 'ती' धर, पाणी आणि हत्ती सोडून, आणि अमुक शब्दाला मी पण अडखळायचे. भाषा येणं आणि शिकवता येणं यात एवढं अंतर आहे.

मग 'नेटिव्ह' पाहिजे असं का लिहितात?

जाहिरातींमध्ये नेटिव्ह स्पीकर, म्हणजे ज्याची मातृभाषाच इंग्रजी आहे असा माणूस, हवा असं असतं. आपण समजतो की याचा अर्थ इंग्रजी फर्डं पाहिजे. तसं नाहीये. बऱ्याच देशांच्या व्हिसाच्या नियमात नेटिव्ह म्हणजे ठरावीक सात देशांचा पासपोर्ट: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड आणि दक्षिण आफ्रिका. त्यातला शेवटचा बघा. दक्षिण आफ्रिकेत घरी इंग्रजी बोलणारे लोक दहा टक्क्यांहूनही कमी आहेत, बाकीचे झुलू, खोसा, आफ्रिकान्स अशा भाषा बोलतात, तरी यादीत तो देश आहे आणि भारत नाही. म्हणजे तपासला जातो तो पासपोर्ट, जीभ नाही.

आपल्याकडे मेडिकलच्या ॲडमिशनला कसं होतं, मुलाला मार्क भरपूर असतात पण अधिवासाचा दाखला नसेल तर राज्याच्या ८५ टक्के कोट्यातली सीट मिळत नाही, आणि खिडकीवरच्या माणसाशी मार्कांवर भांडून काही उपयोग नसतो कारण तो मार्क बघतच नसतो. इथेही तसंच.

हा नियम योग्य आहे का? मला अजिबात वाटत नाही, आणि माझ्या एकटीचंच हे मत नाहीये. ब्रज काचरू नावाचे आपले काश्मिरी भाषाशास्त्रज्ञ अमेरिकेत प्राध्यापक होते, त्यांनी १९८५ मध्ये जगातल्या इंग्रजीची तीन वर्तुळं मांडली. आतल्या वर्तुळात ब्रिटन-अमेरिकेसारखे देश, त्याच्या बाहेर भारत, नायजेरिया, सिंगापूरसारखे देश जिथे इंग्रजी कोर्टात, कॉलेजात, ऑफिसात रोज वापरली जाते, आणि त्याच्या बाहेर चीन, जपान, थायलंडसारखे देश जिथे ती परकी म्हणून शिकतात. मधल्या वर्तुळातल्या लोकांची इंग्रजी ही चुकलेली इंग्रजी नाही, ती त्यांची इंग्रजी आहे, हे त्यांनी आयुष्यभर सांगितलं. इंग्रजी शिक्षकांच्या टेसॉल या आंतरराष्ट्रीय संघटनेनेही २००६ मध्ये जाहीर भूमिका घेतली की नेटिव्ह नाही म्हणून शिक्षकाला डावलणं हा भेदभाव आहे. पण व्हिसाचा नियम संघटना बनवत नाही, देश बनवतो. म्हणून राग आला तरी आधी कुठलं दार उघडं आहे ते बघायचं.

कुठलं दार उघडं, कुठलं बंद

माझी चूक इथेच झाली. पुण्यातल्या एका एजंटने मला कोरियाचे फोटो दाखवले, पगार सांगितला, राहायला फुकट खोली सांगितली आणि कोर्सचे पैसे भरून घेतले. कोर्स पूर्ण केला, सर्टिफिकेट आलं, आणि मग अर्ज करताना कळलं की कोरियाचा भाषा शिक्षकाचा ई-टू व्हिसा इंग्रजीसाठी त्या सात देशांच्या नागरिकांनाच देतात. भारतीयांसाठी एक अरुंद वाट आहे. भारत आणि कोरियामधला व्यापक आर्थिक करार १ जानेवारी २०१० ला लागू झाला, त्यात भारतीय पदवीधरांना सहाय्यक इंग्रजी शिक्षक म्हणून जाता येईल अशी सोय आहे, पण त्याला शिक्षकाची अधिकृत पात्रता पण लागते. माझ्याकडे बी.ए. होतं, बी.एड. नव्हतं. म्हणजे जो कोर्स मला विकला त्याने कोरियाचं दार उघडणारच नव्हतं, आणि ते मला पैसे भरायच्या आधी अर्ध्या तासात वाचून कळलं असतं.

चीनमध्ये पण साधारण तेच, इंग्रजी शिकवायला त्या देशांचा पासपोर्ट, पदवी, आणि दोन वर्षांचा अनुभव किंवा त्याऐवजी टेफलसारखं सर्टिफिकेट. भारतीय पासपोर्टवर "चीनमध्ये इंग्रजी टीचर, व्हिसा आम्ही बघतो" असं कोणी म्हणालं तर व्हिसा नेमका कुठल्या प्रकारचा ते विचारा. विद्यार्थी किंवा बिझनेस व्हिसावर नेऊन शिकवायला लावणं बेकायदेशीर आहे आणि पकडले गेलात तर अडचणीत तुम्ही येता.

जपानची अट मला सगळ्यात विचार करायला लावणारी वाटते. तिथे शाळेत शिकवायच्या व्हिसाला, ज्याला इन्स्ट्रक्टर व्हिसा म्हणतात, तुमचं १२ वर्षांचं शिक्षण त्या भाषेतून झालेलं असावं लागतं. म्हणजे पासपोर्टपेक्षा शाळा कुठल्या माध्यमाची ते बघतात. पहिलीपासून इंग्रजी माध्यमात शिकलेल्या मुलाला हे दार उघडं आहे, माझ्यासारख्या सातवीपर्यंत मराठी आणि पुढे सेमी इंग्रजीवालीला नाही.

आता उघडी दारं. थायलंडमध्ये नेटिव्ह नसलेल्यांना रीतसर घेतात, फिलिपिन्सचे शिक्षक तर तिथे जिकडेतिकडे आहेत. पदवी लागते, आणि इंग्रजीचा पुरावा म्हणून परीक्षेचे मार्क, साधारण टोइक या परीक्षेत ९९० पैकी ६०० किंवा त्याच्या वर मागतात. शाळेत शिकवायचं तर तिथली शिक्षक परिषद, तिला खुरुसपा म्हणतात, तिच्याकडून शाळा तुमच्यासाठी तात्पुरती परवानगी काढते. व्हिएतनाममध्ये भाषा केंद्रांत शिकवायला पदवी, शिकवण्याचं सर्टिफिकेट आणि तुम्ही नेटिव्ह नसाल तर सी-वन पातळीचा पुरावा लागतो. ही पातळी म्हणजे युरोपात ठरवलेल्या सहा पायऱ्यांपैकी पाचवी, ए-वनपासून सी-टूपर्यंत त्या जातात, आणि आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेत साधारण ७ बँडला ती येते. ७ बँड म्हणजे गंमत नाही, त्याला चार-सहा महिने नीट अभ्यास करावा लागतो. आणि आयेल्ट्सचा निकाल दोनच वर्षं धरला जातो, त्यामुळे उगाच लवकर देऊन ठेवू नका.

आखाती देशांचं गणित पूर्ण वेगळं आहे. दुबई, मस्कत, कुवेत इथे सीबीएसईच्या भारतीय शाळा आहेत, तिथे तुम्ही परकी भाषा म्हणून नाही तर आपल्यासारखाच विषय म्हणून इंग्रजी शिकवता आणि तिथे बी.एड. आणि इंग्रजीची पदवी हेच चालतं, टेफलला फारसं कोणी विचारत नाही. मालदीवमध्ये शाळा इंग्रजी माध्यमाच्या आहेत आणि तिथे भारतीय शिक्षक खूप वर्षांपासून जातात. ज्यांचं बी.एड. झालेलं आहे त्यांनी रील बघून कोर्स घेत बसण्यापेक्षा आधी या दोन दिशांना बघावं असं मी मनापासून सांगेन.

१२० तासांचा कोर्स केला की नोकरी पक्की ना?

नाही. टेफल हे एका विद्यापीठाचं किंवा एका बोर्डाचं नाव नाहीये, ते कामाचं नाव आहे, त्यामुळे कोणीही वेबसाइट काढून टेफलचं सर्टिफिकेट देऊ शकतो. दोन हजारांतही मिळतं आणि लाखाच्या पुढेही जातं. १२० तास हा आकडा बाजारात रूढ झालाय कारण बरेच देश आणि शाळा तेवढा मागतात, पण ते १२० तास तुम्ही काय केलं ते सर्टिफिकेटवर दिसत नाही.

ड्रायव्हिंगचंच बघा ना. लर्निंग लायसन्ससाठी कॉम्प्युटरवर चिन्हं ओळखली, पास झालात, पण गाडी घेऊन कराडहून कोल्हापूरला हायवेने जाता येतं का? स्वस्त ऑनलाइन कोर्स म्हणजे लर्निंग लायसन्स. सेल्टा हा केंब्रिजचा कोर्स आहे, त्यात निदान १२० तास शिक्षकांच्या संपर्कात असतात आणि त्यातले ६ तास तुम्ही खऱ्या विद्यार्थ्यांना शिकवता, मागे बसून प्रशिक्षक ते बघतात, लिहून घेतात आणि नंतर तोंडावर सांगतात कुठे चुकलं ते. तो महाग आहे, पूर्णवेळ केला तर चार-पाच आठवडे दुसरं काही सुचत नाही, आणि प्रत्येकाला परवडणार नाही हे मला माहितीये. पण एक फरक लक्षात ठेवा. व्हिसाला फक्त कागद लागत असेल तर साधा मान्यताप्राप्त कोर्स पुरतो, वर्गात उभं राहायला सराव लागतो, आणि सराव फुकटही मिळतो. मी जायच्या आधी तीन महिने आमच्या गल्लीतल्या सहावी-सातवीच्या आठ पोरांना मराठीचा एकही शब्द न वापरता रोज एक तास इंग्रजी शिकवलं. पहिले दोन आठवडे फार वाईट गेले, पोरं नुसती बघत बसायची. पण थायलंडमध्ये पहिल्या दिवशी माझे पाय लटपटले नाहीत ते त्या पोरांमुळे.

पण आपला उच्चार भारतीय आहे, हसतील ना?

हा प्रश्न मुली जास्त विचारतात आणि हळू आवाजात विचारतात. तर ऐका. भारतीय उच्चार असणं वेगळं आणि समोरच्याला न कळणं वेगळं. पहिलं चालतं, दुसरं सुधारावं लागतं, आणि ते सुधारता येतं.

आपल्या मराठी माणसाचा एक ठरलेला खड्डा सांगते. बनियनला इंग्रजीत वेस्ट म्हणतात आणि पश्चिम दिशेलाही वेस्ट. देवनागरीत दोन्ही सारखेच लिहिले बघा, कारण आपल्याकडे व एकच आहे. इंग्रजीत ते दोन वेगळे आवाज आहेत. बनियनवाल्याला वरचे दात खालच्या ओठावर टेकवून हवा सोडायची, पश्चिमवाल्याला दात लावायचेच नाहीत, शिट्टी मारताना करतो तसा ओठांचा गोल करायचा. मी हे वयाच्या पंचविसाव्या वर्षी आरशासमोर उभी राहून शिकले.

आणि याचाच मला वर्गात उपयोग झाला. थाई भाषेत शब्दाच्या शेवटी ठरावीकच आवाज येऊ शकतात. शेवटी स आला की त्यांच्या तोंडून त येतो, ल आला की न येतो. त्यामुळे माझ्या वर्गातली मुलं 'बस'ला 'बत' म्हणायची आणि फुटबॉलला 'फुतबॉन'. बेचाळीस मुलं एका सुरात फुतबॉन म्हणतात तेव्हा नवीन शिक्षकाला वाटतं की ही मुलं ऐकतच नाहीयेत. ऑस्ट्रेलियाहून आलेला माझा एक सहकारी, मनाने फार चांगला माणूस, तो नुसतं मोठ्याने "बॉल, बॉल, बॉल" म्हणायचा आणि मुलं तितक्याच मोठ्याने "बॉन, बॉन, बॉन". त्याला कळतच नव्हतं की अडतंय कुठे, कारण त्याने तो आवाज कधी शिकलेलाच नव्हता. मी फळ्यावर तोंडाचं चित्र काढलं, जीभ वरच्या दातांच्या मागे टेकलेली, आणि मुलांना सांगितलं की जीभ तिथेच ठेवा पण हवा नाकातून नाही, जिभेच्या बाजूने सोडा. मग नाक चिमटीत धरून बोलायला लावलं. नाक धरलं की न म्हणताच येत नाही. पाचव्या-सहाव्या दिवशी मागच्या बाकावरच्या एका मुलीच्या तोंडून स्वच्छ ल आला आणि तिचंच तिला एवढं आश्चर्य वाटलं की ती शाळा सुटेपर्यंत बॉल बॉल करत फिरत होती.

टुरिस्ट म्हणून जाऊन तिथेच नोकरी शोधली तर?

शाळा बघायला, मुलाखत द्यायला लोक जातात. पण टुरिस्ट म्हणून गेलेलं असताना एक तासही शिकवायचं नाही, "ट्रायल आहे, पगार नंतर" असं म्हणाले तरी नाही. थायलंडमध्ये वर्क परमिटशिवाय काम करताना सापडलात तर ५,००० ते ५०,००० बात (बात म्हणजे तिथलं चलन) दंड, देशाबाहेर रवानगी आणि पुढे दोन वर्षं वर्क परमिट मिळत नाही. रीतसर पद्धत अशी की शाळा तुम्हाला कागदपत्रं पाठवते, त्यावर तुम्ही नॉन-इमिग्रंट बी व्हिसा काढता, तो आधी ९० दिवसांचा असतो, तिथे गेल्यावर शाळा वर्क परमिट काढते आणि मग राहण्याची मुदत वर्षभरापर्यंत वाढते. त्यानंतरही दर ९० दिवसांनी इमिग्रेशनला आपला पत्ता कळवायचा असतो. हे सगळं किचकट वाटतं, पण हेच किचकट कागद तुम्हाला वाचवतात, कारण ज्याला तुम्हाला फसवायचंय तो या कागदांच्या वाटेला जातच नाही.

खरी ऑफर आणि खोटी ऑफर कशी ओळखायची

माझी स्वतःची पहिली कसोटी अगदी साधी आहे. समोरच्याने तुमचं इंग्रजी ऐकलं का? खऱ्या शाळेला तुम्ही मुलांसमोर उभं राहून बोलणार आहात हे माहिती असतं, म्हणून ते व्हिडिओ कॉल करतात, दहा-पंधरा मिनिटांचा डेमो तास घ्यायला लावतात, पदवीची प्रत मागतात. ज्याला तुमचं इंग्रजी ऐकायचंच नाही, ज्याला डिग्री नसली तरी चालतं, आणि जो दोन मेसेजमध्ये थेट तिकीट काढतो, तो तुम्हाला शिकवायला नेत नाहीये.

दुसरं, शाळेचं नाव आणि गाव मागा. "बँकॉकला पोचा, मग सांगतो" हे उत्तर चालणार नाही. नाव मिळालं की नकाशावर बघा, शाळेच्या ऑफिसला स्वतः फोन लावा, एजंटने दिलेल्या नंबरवर नाही तर शाळेच्या पानावर असलेल्या नंबरवर. आणि विमानतळावरून गाडी पश्चिमेला ताक प्रांताकडे, माए सोतकडे निघतेय असं दिसलं आणि शाळा तिथली ठरलेली नसेल तर गाडीत बसूच नका. बसला असाल तर पहिल्या पेट्रोल पंपावर उतरा.

एजंटच्या बाबतीत, परदेशात माणसं पाठवायला आपल्याकडे १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली परवाना लागतो. परवानाधारक एजंटांची यादी परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर आहे, नाव टाकून बघता येतं. आणि त्यांना सेवेचे जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी एवढेच घेता येतात, पावती देऊन. दोन-तीन लाख रोख मागणारा माणूस कितीही गोड बोलला आणि तुमच्याच तालुक्यातला असला तरी तो नियम मोडतोय. काही जण म्हणतील की आम्ही नोकरी लावत नाही, फक्त कोर्स आणि मार्गदर्शन देतो. मग त्यांच्याकडून नोकरीची अपेक्षाच ठेवू नका आणि पैसे फक्त कोर्सचे द्या.

पैसे किती उरतात

रीलमध्ये दाखवतात तेवढे नाही. मला सुरुवातीला महिना २६,००० बात मिळायचे. तेव्हा एका बातला अडीच रुपयांच्या आसपास पडायचे, म्हणजे पासष्ट हजारांच्या जवळपास. गावाकडे खोलीला ४,००० बात, जेवण बाहेर स्वस्त, त्यामुळे काटकसर केली तर निम्मे उरायचे. बँकॉकमध्ये हे गणित बसत नाही. आणि करार नीट वाचा, कारण एजन्सीमार्फत लागलात तर बरेचदा सुट्टीच्या महिन्यांचा पगार नसतो. तिथलं शाळेचं वर्ष मेच्या मध्यावर सुरू होतं आणि मार्चमध्ये संपतं, म्हणजे मार्च-एप्रिलला तुम्ही बिनपगारी. माझा पहिला करार तसाच होता आणि ते मला मार्चमध्ये कळलं.

त्याच शाळेत तेवढेच तास घेणाऱ्या ऑस्ट्रेलियन सहकाऱ्याला माझ्यापेक्षा ९,००० बात जास्त होते. फिलिपिन्सच्या दोघींना माझ्याहून थोडे कमी. हे मनाला लागतं, रोज लागतं, आणि जायच्या आधी हे माहिती असावं म्हणून सांगतेय. दुसऱ्या वर्षी मी वर्गाचे आधीचे आणि नंतरचे मार्क घेऊन मुख्याध्यापकांसमोर बसले आणि ४,००० वाढवून घेतले. पूर्ण फरक काही भरून निघाला नाही.

मराठी माध्यमवाल्याने हे स्वप्न बघायचं का?

जपानचा इन्स्ट्रक्टर व्हिसा सोडला तर हो, आणि मान वर करून. इंग्रजी आपल्याला आपोआप आलेली नाही, आपण ती एक एक वाक्य करून कमावलीय, आणि तीच आपली शिकवण्याची शिदोरी आहे.

एक उदाहरण देते. इंग्रजीतला प्रेझेंट परफेक्ट काळ सगळ्यांना छळतो. मला तो कळला मराठीमुळे. "मी जेवले" आणि "मी जेवलेय" यातला फरक आपल्याला कोणी शिकवलेला नाही पण कळतो. कोणी ताट पुढे केलं तर आपण "नको, मी जेवलेय" म्हणतो, म्हणजे जेवण झालं ते मघाशी पण त्याचा परिणाम आत्ता आहे, पोट आत्ता भरलेलं आहे. "काल मी मावशीकडे जेवले" म्हणतो तेव्हा ती गोष्ट काल संपली. प्रेझेंट परफेक्ट म्हणजे ते 'जेवलेय'. थाई भाषेत क्रियापद काळाप्रमाणे बदलतच नाही, पण काम झालं की शेवटी ते 'लॅओ' असा एक शब्द लावतात, जेवलो लॅओ, अशासारखं. हे कळलं त्या दिवशी मी वर्गात रिकामं ताट आणि पोटावर हात असं चित्र काढलं आणि मुलांनीच ओरडून सांगितलं, "लॅओ, टीचर, लॅओ!" दोन भाषांमध्ये येजा केलेल्या माणसालाच असे पूल दिसतात.

कागदांची सुरुवात आजच करा

सगळ्यात जास्त वेळ खातात ते कागद, आणि आपल्याकडे त्यात नावाचा एक खास घोळ असतो. माझ्या पदवीवर आधी आडनाव, मग माझं नाव, मग वडिलांचं, मग आईचं. पासपोर्टवर माझं आणि वडिलांचं नाव आधी आणि आडनाव वेगळ्या रकान्यात, आईचं नाव नावात नाहीच. थायलंडच्या ऑफिसातल्या बाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवून शांतपणे विचारलं की या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत का. लग्नानंतर नाव बदललेल्यांचं तर विचारूच नका. म्हणून दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्र आधीच करून, नोटरी करून, इंग्रजीत जवळ ठेवा, आणि पासपोर्ट नवीन काढणार असाल तर नाव पदवीला जुळवूनच काढा.

पदवी परदेशात चालावी म्हणून तिची पडताळणी करावी लागते, आधी विद्यापीठ, मग राज्य सरकार, मग परराष्ट्र मंत्रालय, आणि देशाप्रमाणे पुढे त्यांचा दूतावास. याला महिना-दोन महिने सहज जातात. पोलीस क्लिअरन्स मात्र सगळ्यात शेवटी काढा, कारण ते जुनं झालेलं घेत नाहीत. मेमध्ये थायलंडला वर्गात उभं राहायचं असेल तर हे सगळं डिसेंबर-जानेवारीत सुरू झालेलं पाहिजे.

आणि हे सगळं चालतं ते मूळ पदवी प्रमाणपत्रावर, शेवटच्या वर्षाच्या मार्कशीटवर नाही. कितीतरी जणांनी दीक्षांत समारंभाचा फॉर्मच भरलेला नसतो आणि प्रमाणपत्र विद्यापीठातच राहिलेलं असतं. तुमचं तसं असेल तर कोर्स, आयेल्ट्स, एजंट सगळं बाजूला ठेवा आणि सोमवारी सकाळी परीक्षा विभागाच्या खिडकीवर जाऊन आधी त्याचा अर्ज करा.